पाणपक्ष्यांचा पत्ता

गेल्या काही वर्षांत आपल्या मध्यमवर्गीय जीवनात जे नवे छंद रुजले, त्यांत पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा क्रम बराच वरचा लागेल. एके काळी लांब पल्ल्याची भिंगे ही धनिकांची मिरास होती. डॉ. सालिम अली यांच्यासमवेत हिंडून भारतातील पक्ष्यांची छायाचित्रे घेणारे आणि १९५७ मध्ये ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ हा ग्रंथ सिद्ध करणारे लोक वान थो हे सिंगापूरचे बडे चित्रपट व्यावसायिक होते. आज तसाच, किंबहुना त्याहून सरस कॅमेरा हप्त्यांनी घेऊन शाळामास्तर, बँकेतला कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी रविवारच्या पहाटे घराबाहेर पडतो. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. ज्या समाजात चिमणी आणि कावळा यांपलीकडे पक्ष्यांची नावे सांगता येत नव्हती, त्या समाजात ‘शेकाट्या’ आणि ‘उचाट्या’ यांतील फरकावर चर्चा झडू लागली, हे काही थोडेथोडके परिवर्तन नव्हे.

परंतु या छंदातला पहिला प्रश्न अजूनही एकच असतो: ‘चांगली जागा कोणती? पत्ता सांगा.’ आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. कोणीतरी चार नावे सांगतो, मोबाइलवर नकाशा पाठवतो आणि पुढच्या रविवारी त्या चार जागांवर चाळीस मोटारी उभ्या राहतात. तेच पक्षी, त्याच काठावरून, त्याच कोनातून टिपले जातात. प्रस्तुत लेखात मांडावयाचा मुद्दा एवढाच, की पाणपक्ष्यांची चांगली जागा पत्ता विचारून मिळत नाही. ती समजून घ्यावी लागते. आणि जी जागा समजून घेतलेली असते, तीच जागा राखण्याची बुद्धी माणसाला होते. आज महाराष्ट्रातल्या पाणथळ जागा ज्या वेगाने बुजत आहेत ते पाहता, हा केवळ छांदिष्टांपुरता प्रश्न राहिलेला नाही.

चिखलाचे गणित

उथळ पाण्यात आणि चिखलात पायी चालत भक्ष्य टिपणाऱ्या पक्ष्यांचे जग मोठे काटेकोर असते. निसर्गाने प्रत्येकाच्या पायाची उंची आणि चोचीची लांबी ठरवून दिली आहे. त्यामुळे एकाच तळ्याच्या काठी प्रत्येकाचा पाट जणू वेगळा मांडलेला असतो. वीतभर पाण्यात लांब तांबड्या पायांचा शेकाट्या, बोटभर पाण्यात तुतारी, नुसत्या ओल्या चिखलावर इवलासा टिलवा आणि कोरडकाठावर टिटवी. उचाट्या आपली वर वळलेली चोच पाण्यात डावी-उजवी फिरवतो, तर कोरल आपली लांब, खाली वाकलेली चोच बिळात घालून खेकडा बाहेर ओढतो. तळ्याला भिंत बांधून काठ सरळ केला आणि पाणी एकदम पुरुषभर खोल झाले, की ही सारी पंगत उठते. नगरपालिका ज्याला तलावाचे ‘सुशोभीकरण’ म्हणते, त्यात नेमके हेच घडते. भोवती फरसबंदी, मध्ये कारंजे आणि काठावर बाके येतात, पण टिलव्याला उभे राहायला चार बोटे चिखल उरत नाही.

तेव्हा जागा शोधणाऱ्याने प्रथम पाण्याकडे नव्हे, तर पाण्याच्या कडेकडे पाहावे. कड जितकी उतरती, ओबडधोबड आणि पसरट, तितके पक्षी अधिक. पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा टिलवा ध्रुवप्रदेशालगतच्या मैदानांतून हजारो किलोमीटर उडत येऊन भाद्रपद-आश्विनात आपल्याकडे उतरतो आणि चैत्र-वैशाखात परततो. एवढ्या मोठ्या प्रवासाची शिदोरी त्याला या चिखलातूनच भरून घ्यायची असते. आपण ज्याला दुर्गंधी म्हणतो, ती त्याची धान्याची कणगी आहे.

चंद्र आणि सूर्य

समुद्रकिनारी आणि खाडीत जागेइतकेच महत्त्व वेळेला आहे. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडला की पक्षी इतके दूर विखुरतात की मोठ्या भिंगातूनही ठिपके दिसावेत. भरती चढू लागली की तेच पक्षी पावलापावलाने काठाकडे सरकत येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास हाच खरा मुहूर्त. तो काढण्यासाठी परदेशी यंत्राची गरज नाही. कोकणातल्या दर्यावर्दी माणसाचा जुना ठोकताळा पुरेसा आहे: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावस्येला ती बाराच्या सुमारास येते. अर्ध्या-पाऊण तासाची तफावत पडते, पण भिंतीवरची दिनदर्शिका पाहून रविवारचा बेत आखण्यास एवढे गणित पुरते.

दुसरा हिशेब सूर्याचा. ठाण्याच्या खाडीचेच उदाहरण घ्या. शिवडीचा किनारा खाडीच्या पश्चिमेस आहे. तेथे सकाळी उभे राहिल्यास ऊन डोळ्यांवर येते आणि रोहितांचा गुलाबी थवा नुसता काळ्या आकृत्यांसारखा दिसतो. शिवडीला दुपार चांगली. म्हणजे दुपारी साडेचारच्या सुमारास भरती पूर्ण होईल अशी षष्ठीच्या आगेमागेची तिथी तेथे साधावी. उलट ऐरोलीचा किनारा पूर्वेस आहे. तेथे सकाळचे ऊन पाठीशी राहते, म्हणून द्वादशी-त्रयोदशीची सकाळ उत्तम. एकाच खाडीचे दोन काठ, पण दोहोंचे पंचांग निराळे. नुसता ‘शिवडी’ हा पत्ता देणाऱ्याने यातले काहीही दिलेले नसते.

खाडीच्या या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती अधिक गंभीर आहे. भरती पूर्ण झाली, चिखल बुडाला, म्हणजे पक्षी जातात कोठे? ते उडून आतल्या बाजूची मिठागरे, पाणथळ मैदाने आणि उथळ तळी गाठतात आणि पाणी उतरेपर्यंत एका पायावर उभे राहून विसावा घेतात. म्हणजे खाडीतल्या पक्ष्याला दोन घरे लागतात, एक जेवणाचे आणि एक विश्रांतीचे. राज्य शासनाने २०१५ मध्ये ठाणे खाडीत रोहित अभयारण्य घोषित केले आणि २०२२ मध्ये त्या खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. हे उत्तमच झाले. पण अभयारण्याची हद्द मुख्यतः जेवणघराभोवती आखलेली आहे. विश्रांतीची घरे, म्हणजे उरण परिसरातले पाणजे, नेरूळची तळी, भांडुपकडची मिठागरे, बव्हंशी त्या हद्दीबाहेर राहिली. त्यांपैकी काही ठिकाणी भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटाच बुजल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या. मुंबईतील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी वापरण्याचा निर्णय २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेने चाळीसच्या आसपास रोहित मृत्युमुखी पडले. त्या रात्री थवा आपल्या नेहमीच्या वाटेवरून का ढळला, यावर मतभेद झाले. परंतु ज्याच्या विश्रांतीच्या जागेची शाश्वती नाही, त्याला अवेळी हिंडावे लागणार, हे समजण्यास पक्षिशास्त्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही.

घरांची गरज खोटी आहे असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की ज्या जमिनीवर ‘काही नाही’ असे समजून आपण नकाशावर रेघ ओढतो, तेथे काय आहे हे पाहणारा कोणी असतो काय?

आवर्तनाच्या मागे

घाटावरच्या वाचकास वाटेल की भरती-ओहोटीशी आपला काय संबंध? परंतु देशावरही भरती-ओहोटी असते. फरक इतकाच, की ती चंद्राच्या नव्हे, पाटबंधारे खात्याच्या हुकमाने होते. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ हा पट्टा पक्ष्यांसाठी प्रसिद्धीस आला. पावसाळ्याअखेर जलाशय तुडुंब असतो, तेव्हा चिखलातल्या पक्ष्यांना तेथे थारा नसतो. पुढे कालव्यांना आवर्तने सुटू लागतात, पाणी आठवड्याआठवड्याने मागे हटते आणि प्रत्येक वेळी नव्या ओल्या जमिनीचा एक पट्टा उघडा पडतो. पक्षी त्या रेषेबरोबर सरकतात. म्हणून गेल्या वर्षी माघात जेथे रोहितांचा थवा उभा होता, त्याच ठिकाणी या वर्षी जाऊन निराश होण्यात अर्थ नाही. वृत्तपत्रात धरणांच्या पाणीसाठ्याची आकडेवारी छापून येते. शेतकरी ती ज्या आस्थेने वाचतो, त्याच आस्थेने पक्षी टिपणाऱ्यानेही वाचावी.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला, तो शेतीला पाणी देण्यासाठी. वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. अभियंत्याच्या वहीत तो गाळ तोट्याच्या रकान्यात पडला, पण पक्ष्यांच्या दृष्टीने तेच भांडवल ठरले. १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि २०२० च्या प्रारंभी जाहीर झाल्याप्रमाणे रामसर यादीत स्थान मिळवणारी ती महाराष्ट्रातली पहिली जागा ठरली. पैठणचा नाथसागर असो की सोलापूरजवळचा हिप्परगा तलाव, पाणी माणसाने अडवले आणि पक्ष्यांनी त्याचा आपल्या परीने उपयोग करून घेतला, ही कथा सर्वत्र सारखी आहे.

यावरून एक निष्कर्ष सहज निघतो. चांगली जागा शोधायला प्रत्येकाने भिगवणलाच गेले पाहिजे असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून महाराष्ट्रात गावोगाव पाझर तलाव झाले. तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या शिक्षकाच्या घरापासून सायकलच्या अंतरावर असा एखादा तलाव बहुधा असतोच. कार्तिकापासून चैत्रापर्यंत दर पंधरवड्यास तेथे एक फेरी मारली, पाणी किती उतरले, कोणता काठ उघडा पडला, गुरे पाण्यावर कोणत्या वेळी येतात, हे टिपून ठेवले, तर दोन वर्षांत त्या माणसास जी जागा ठाऊक होईल, ती कोणत्याही यादीत सापडणार नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. पक्षी पुष्कळ म्हणजे पाणी निर्मळ, असे समीकरण मांडू नये. पुण्याच्या खाली मुळा-मुठेवर कवडी येथे पक्षी टिपणाऱ्यांची झुंबड उडते, पण त्या नदीतून शहराचे सांडपाणी वाहते. मैलापाण्याने काही काळ किडे-अळ्या वाढतात, पक्षी जमतात आणि छायाचित्रे देखणी येतात. चौकटीबाहेर ठेवलेला फेस मात्र चित्रात येत नाही. प्रामाणिक छायाचित्रकाराने अधूनमधून त्या फेसाचेही छायाचित्र घ्यावे.

जागा कोणाची?

आपण जागा ‘शोधली’ असे म्हणतो, तेव्हा थोडा विचार केला पाहिजे. खाडीतला कोळी, मिठागरावर राबणारा आगरी, उजनीच्या पाण्यात जाळे टाकणारा मच्छीमार, तलावाच्या काठाने मेंढरे हाकणारा धनगर यांना ती जागा पिढ्यान्‌पिढ्या नाही तर निदान जन्मभर ठाऊक असते. पक्षी कोठे उतरतात, कोणत्या वाऱ्यात उडतात, चिखल कोठे माणसाला गिळतो, हे ज्ञान त्यांचे. उजनीच्या पाण्याखाली गावे गेली. त्याच काठावरच्या माणसांनी नावा वल्हवून आणि पाहुण्यांना पक्षी दाखवून उपजीविकेचे एक नवे साधन उभे केले आहे. त्यांच्याशी घासाघीस करून वाचवलेल्या शंभर रुपयांत कोणतेही भिंग येत नाही. नाववाल्यास ‘आणखी जवळ घे’ म्हणून दटावणारा पाहुणा पक्ष्याचाही अपराधी असतो आणि नाववाल्याचाही. थवा वारंवार उठू लागला की तो जागा सोडतो आणि मग नावेत बसायला कोणी येत नाही.

पक्ष्याच्या मागे धावून चांगले छायाचित्र मिळत नाही, हा या कलेतला पहिला पाठ आहे. अंधार असतानाच येऊन, काठावर आडोसा करून, जमिनीलगत पडून राहावे आणि पक्ष्याला आपल्याकडे येऊ द्यावे. त्याने खाणे थांबवून मान ताठ केली, की आपण एक पाऊल अधिक टाकले असे समजावे. नावेतून शेव-गाठ्या उधळून कुरव पक्ष्यांचे थवे गोळा करणे, उडत्या पंखांचे छायाचित्र मिळावे म्हणून टाळ्या वाजवणे किंवा दगड भिरकावणे, थव्यावर ड्रोन नेणे, या गोष्टींना छंद म्हणत नाहीत. परतीच्या प्रवासाआधी ज्याला कणकण चरबी साठवायची असते, त्याला दिवसातून दहा वेळा उडवणे म्हणजे त्याची शिदोरी लुटणेच होय.

मग जागा सांगावी की लपवावी? या बाबतीत दोन टोकाची मते आहेत. काहींच्या मते जागा गुप्त ठेवल्यानेच टिकते. काहींच्या मते ती सर्वांना सांगणेच योग्य. आमच्या मते येथे भेद केला पाहिजे. घरटे, पिले आणि एखाद्या दुर्मीळ पक्ष्याची नेमकी वस्ती यांचा पत्ता जाहीर करणे हा सरळसरळ अपराध मानावा. टिटवी आणि शेकाट्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तेथे एका दिवसात दहा माणसे वाकून गेली, तर ती अंडी उन्हाने तरी वाया जातात किंवा कावळ्यांच्या नजरेस तरी पडतात. पण तलाव, खाडी, मिठागर, माळावरची पाणथळ यांविषयी मौन पाळणे घातक आहे. ज्या जागेविषयी कोणीच बोलत नाही, ती जागा शासनाच्या दृष्टीने रिकामी असते आणि रिकाम्या जागेवर प्रथम भराव पडतो.

चित्राचे साक्षीपण

या मुद्द्याला कायद्याचीही बाजू आहे. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी २०१० मध्ये नियम झाले आणि २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. या नव्या नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, मिठासाठी आणि मत्स्यशेतीसाठी खास बांधलेली जलस्थळे वगळण्यात आली. दलदल आणि खारफुटी यांना किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा आधार आहे. पण देशावरचे पाझर तलाव आणि पाटबंधाऱ्यांचे जलाशय यांना ‘पाणथळ’ म्हणून संरक्षण मागायचे तर व्याख्याच आड येते. वर दिलेली उदाहरणे आठवावीत. महाराष्ट्रातील घाटावरचे बहुतेक उत्तम पक्षिस्थळ माणसाने बांधलेलेच आहे. ज्या राज्याचे पहिले रामसर स्थळच एक बंधारा आहे, त्या राज्याने तरी या वगळणुकीविषयी अधिक आग्रहाने बोलावयास हवे होते. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या राष्ट्रीय नोंदीत सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या अशा २,०१,५०३ पाणथळ जागा देशात मोजल्या गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना संरक्षण देण्याचा आदेश दिला. तथापि उपग्रहाला पाणी दिसते, टिलवा दिसत नाही. तो काठावरच्या माणसालाच दिसतो.

म्हणूनच हौशी छायाचित्रकाराच्या हातून एक फार मोठे काम होऊ शकते. एकाच ठरलेल्या जागेवरून, दर महिन्यास, तारीख, वेळ आणि पाण्याची पातळी नोंदवून घेतलेले साधे छायाचित्र हा पुरावा असतो. त्यात पक्षी अस्पष्ट असला तरी चालतो, पण काठ स्पष्ट असावा. पाच वर्षांची अशी साठ छायाचित्रे ग्रामसभेपुढे, तहसीलदारापुढे वा न्यायासनापुढे ठेवली, तर ‘येथे कधीच पाणी नव्हते’ असे म्हणण्याचे धाडस कोणाला होणार नाही. याउलट स्पर्धेत बक्षीस मिळवणारे छायाचित्र भिंतीवर राहते आणि ज्या तळ्याने ते दिले, ते तळे भरावाखाली जाते.

हे काम करण्यास मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेतील निसर्गमंडळाने गावच्या तलावाची एक वही घालावी. विद्यार्थ्यांनी आळीपाळीने तिच्यात पक्ष्यांची मराठी नावे, संख्या आणि पाण्याची खूण लिहावी. ज्यांना शक्य आहे त्यांनी त्याच नोंदी ई-बर्डसारख्या खुल्या संग्रहात घालाव्यात, म्हणजे त्या अभ्यासकांच्या हाती पडतील. कचेरीत बसणाऱ्यास फायलीचे मोल सांगावयास नको. ज्याची नोंद असते त्याचीच दखल घेतली जाते, हा आपल्या कारभाराचा स्वभाव आहे. पक्ष्यांचा सातबारा कोणी उतरवून ठेवलेला नाही. तो लिहिण्याचे काम आता या कॅमेरेवाल्यांनीच अंगावर घेतले पाहिजे.

हा हंगाम दर वर्षी येतो, थवे दर वर्षी उतरतात. ते ज्या चिखलाच्या भरवशावर निघतात, तो चिखल जागेवर आहे की नाही, हे त्यांना इथे पोहोचल्यावरच कळते. आपण मात्र काठावरच राहतो, आपल्याला ते आधी कळू शकते. तेव्हा ‘चांगली जागा कोणती?’ असे पुन्हा कोणी विचारले, तर त्याला प्रथम त्याच्या घराजवळच्या तलावाचे नाव विचारावे. ते त्याला सांगता आले नाही, तर त्याचा पहिला रविवार तेथेच खर्ची पडावा.